शनिवारी तुझा अंगठा हवा आहे

प्रिय पुनम,

आणि तुझ्याबरोबर त्या सगळ्या, ज्यांना कुणीतरी दोन्ही हातांनी धरून टोचलं आणि वर सांगितलं की दुखत नाही, उगीच रडू नको. आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. सुई आपल्या कातडीत असते आणि ती दुखते की नाही हे ठरवतो तो, ज्याच्या हातात सुई आहे, नाहीतर जो दाराशी उभा राहून चहा पितो आहे. बघ, सुरुवातच भाषणासारखी झाली. तू हसत असशील. हस. सोमवारपासून मी स्कार्फ बांधल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, तेव्हा कुणीतरी हसलेलं मला हवंच आहे.

फोन का केला नाही ते आधी सांगते. तुझा फोन हितेंद्रभाऊजी उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. प्रेमानेच टाकतात, पण मला जे सांगायचं आहे ते तुझ्या सासूबाईंच्या खोलीपर्यंत जाणारं नाही. म्हणून हे तुझ्या शाळेच्या पत्त्यावर कुरियरने पाठवते आहे. मधल्या सुट्टीत, मुलं खिचडीला बसली की वाच.

स्कार्फचं कारण उन्हाचं नाही. जळगावात स्कूटरवर निघालेली प्रत्येक बाई डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळते, त्यामुळे रस्त्यावर मी त्यांच्यातलीच एक असते. पण मी शिकवते त्या क्लासमध्ये शिरले की तो सोडावा लागतो. तिथे मास्क लावते आणि सर्दी झाली म्हणून सांगते. काल पहिल्या बाकावरच्या मुलीने माझ्यासाठी आलेपाक आणला. तो खायचा तर मास्क काढावा लागेल, म्हणून पर्समध्ये तसाच वितळतो आहे.

तुला माहीत आहे, तीन वर्षांपूर्वी मी कोकिळा म्हणून जगायला लागले. औषधांनी बरंच काही बदललं, दाढीला मात्र औषधाचं काही वाटत नाही. लेझरने बरीच गेली. जी उरली ती एकेक केस धरून काढावी लागते. त्याला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. केसाच्या मुळाशी एक बारीक सुई जाते, तिच्यातून वीज सोडतात, मग तो केस चिमट्याने उचलतात. मग शेजारचा. पण चिमट्यात यायला तो केस आधी वाढलेला लागतो. म्हणजे जी सावली पुसण्यासाठी मी रोज आरशापुढे उभी राहायचे, तीच चार दिवस चेहऱ्यावर वागवायची. बाई व्हायला चाललेल्या बाईला आधी दाढी राखायला लावणारा हा उपचार कुणी शोधून काढला, त्याच्याशी मला एकदा जाहीर वाद घालायचा आहे.

मागच्या खेपेला मी हरले. त्याच्या आदल्या दिवशी भुसावळला महिलांच्या मेळाव्यात माझं भाषण होतं. विषय होता भीती. पाचशे बायका खुर्च्यांवर, मागे उभ्या राहिलेल्या वेगळ्या, आणि मी आरशात हनुवटी बघते आहे. मास्क लावून भीतीवर कसं बोलायचं? वस्तरा फिरवला. भाषण जोरात झालं. लोक काय म्हणतील या तीन शब्दांवर मी अशी तुटून पडले की बायका टाळ्या थांबवेनात. दुसऱ्या दिवशी मयुरीने माझी हनुवटी दिव्याखाली धरली, इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाली, मॅडम, आता मी काय उपटू, तुमचं भाषण? मग तिने चहा मागवला, कारण एरवी सुईच्या दिवशी चहा चालत नाही आणि आज काही सुई लागणार नव्हती, आणि मला परत पाठवलं.

मयुरी म्हणजे माझा हा उपचार करणारी. पिंप्राळ्यात मेडिकलच्या दुकानावर तिची एक खोली आहे. खिडकीला निळा पडदा, मधे ती खुर्ची, छोट्या फ्रीजमध्ये बर्फ. तिचा मला आवडलेला गुण एकच. पहिल्याच दिवशी तिने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, दुखतं, आणि ओठावर सगळ्यात जास्त दुखतं. त्यावर जे करता येईल ते ती करते. आधी तासभर बधिर करणारं मलम आणि त्यावर पातळ प्लास्टिक, पोटभर जेवून यायची सक्ती, दर थोड्या वेळाने बर्फ, शेवटी कोरफडीचा गार गर. तरी दुखतं. गालावर मुंगी चावल्यासारखं. हनुवटीवर ती मुंगी चावा सोडत नाही. आणि नाकाखाली म्हणजे, पुनम, गरम तेलाचा थेंब उडावा आणि तिथेच राहावा. शिंक येईल असं वाटतं, ती येत नाही, रडायचं नसलं तरी डोळ्यांतून पाणी वाहतं.

हनुवटी आणि गाल मी बोलून काढले. खरंच सांगते. डोळे मिटायचे आणि भाषण सुरू करायचं. हुंडा, अंधश्रद्धा, शाळा बंद करण्याचे सरकारी आदेश, एकदा तर केळीच्या पीकविम्यावरसुद्धा बोलले. मयुरी मधेमधे हो हो करते आणि सुई चालवते. दुखणं शब्दांच्या मागे उभं राहतं आणि त्याला पुढे यायला जागा मिळत नाही. मग ओठाची पाळी आली. तिने दोन बोटांनी माझा वरचा ओठ ताणला आणि म्हणाली, आता ओठ हलवायचा नाही. मला गप्प बसवणं आयुष्यात कुणाला जमलं नव्हतं, शाळेत नानामास्तरांना नाही, मोर्चात पोलिसांना नाही. त्या पोरीला एका वाक्यात जमलं. शब्द गेले आणि उरली फक्त सुई. मी अर्ध्यातून उठले. जिना उतरताना ओठाची एक बाजू सुजलेली, दुसरी तशीच. वस्तऱ्याच्या दिवसाआधीचीच ही गोष्ट. आता तुला कळेल की तो वस्तरा एकट्या भाषणासाठी चालला नव्हता.

त्या जिन्यात मला तुझं नाक आठवलं. तू सात वर्षांची असशील. सोनाराच्या ओटीवर तुला बसवलेलं, मायने मागून डोकं धरलेलं, आबा दाराशी चहा पीत उभे. सगळे एका सुरात सांगत होते, दुखत नाही, मुंगी चावते तेवढंच. तू कुणाकडेच बघत नव्हतीस. तेव्हा मी तुझा मोठा भाऊ होते, म्हणजे सगळे तसं म्हणायचे. मी तुझ्या कानात सांगितलं, दुखेल, खूप दुखेल, माझा अंगठा दाब. तू असा दाबलास की तुझं नख रुतून रक्त आलं, पण तोंडातून आवाज काढला नाहीस. सोनाराची तार ओवून झाली आणि मी माझं नाक पुढे केलं. सोनार हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी बखोटीला धरून मला घरी आणलं. त्या उन्हाळ्यात आपण भातुकली खेळायचो तेव्हा तू मला कोकिळा म्हणायला लागलीस. हे नाव मी कुठल्या पुस्तकातून काढलं असं लोकांना वाटतं. त्यांना वाटू दे.

मागच्या महिन्यात तू मला मेसेज केलास, अक्का, कशी आहेस? आणि लगेच पुसून टाकलास. पुसल्याची खूण राहते बाई, आणि मी तो आधीच वाचलेला होता. तू का पुसलास ते मी विचारणार नाही. पण त्या एका शब्दावर मी आठवडा काढला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. रविवारी गावी श्रावणातली कानबाई देवी बसेल. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू आपल्या घरात कसे काढतात ते तुला माहीत आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ. आबा होते तोवर त्यांच्या नावाची, आपल्या भावाची, ज्ञानेश्वरची, त्याच्या मुलाची, माझी. तुझ्या नावाची मूठ माहेरी कधी निघाली नाही आणि सासरीही निघत नाही, यावर मी कॉलेजात असल्यापासून भांडते आहे. तीन वर्षं मी गावी गेले नाही. तरी माय माझ्या जुन्या नावाची मूठ काढत राहिली, आणि पुनवेच्या आत रोट संपवायचा म्हणून माझा वाटा स्वतः एकटीने खात राहिली. हे मला तूच सांगितलंस. काल तिने स्वतः फोन केला. आधी पावसाचं बोलली, मग कापसाचं. मग म्हणाली, "तुना नावनी मूठ लेऊ का?" मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "लेऊ तर कोनतं नाव लेऊ?" पुनम, आपल्या घरात बाईच्या नावाची मूठ कधी निघालेली नाही, आणि आपली माय मला नाव विचारत होती. मी म्हटलं, कोकिळा. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "बठ्ठासले मी सांगसू. तू फक्त ये."

सगळ्यांना सांगायचं काम तिने स्वतःकडे घेतलं, आणि मी हो म्हटलं आहे. भाऊबंद अंगणात बसलेले असतील, माय सगळ्यांदेखत ते नाव घेईल आणि सगळे माझ्या ओठाकडे बघतील. शनिवारी सुई झाली नाही तर रविवारी मी एकतर ही सावली घेऊन जाईन नाहीतर वस्तऱ्याची हिरवट कड, आणि मी स्वतःला ओळखते, शेवटी घरातून निघणारच नाही. मायला चौथ्या वर्षीही माझा वाटा एकटीने खावा लागेल. सुजलेला ओठ चालेल. सूज म्हणजे काम चालू आहे. दाढी पूर्ण जायला अजून वर्ष दीड वर्ष आहे, तोवर मायला वाट पाहायला लावायची नाही.

म्हणून तू ये. शनिवारी धुळ्याहून सकाळची पहिली एसटी धर, खोटेनगरला उतर, मी तिथे स्कार्फ बांधून उभी असेन. मयुरीकडे खुर्चीशेजारी एक स्टूल आहे, त्यावर बस. घरी हवं ते सांग, शाळेची मीटिंग आहे म्हण. मला समजावू नको, दुखत नाही असं तर अजिबात म्हणू नको. ती ओठ ताणेल तेव्हा मला बोलता येणार नाही. तेव्हा नुसता तुझा अंगठा माझ्या हातात दे.

तुझीच,
कोकिळा
(जिला तू अक्का म्हटलंस आणि मग तो शब्द पुसलास, तीच)