पानावरची आयरिश

अहो विनेशचे बाबा,

तुमच्या पित्राच्या पानावर ठेवायला विनेशने जहाजावरून दोन आयरिश व्हिस्क्या आणल्या. तुम्हाला कुठली आवडेल, ते ठरवायला मीच जीभ ओली केली. पहिलीला चुलीच्या धुराचा वास होता. दुसरी मधासारखी सुळकन उतरली. खात्री करायला पुन्हा चाखली आणि तिचाच पेला तळलेल्या सुरमईशेजारी ठेवला.

पण कावळा शिवेना! होडी विकणार नाय, विनेशचं लग्न लावू, सगळी वचनं देऊन झाली. तुमचे सदाभावजी मात्र बाटलीकडेच बघत होते. शेवटी मी पुटपुटले, "उरलेली भावजींना देणार नाय."

झडपच घातली हो कावळ्याने!

वचन पाळायला उरलेली मीच संपवली. बंदरावरून घरी यायला तुम्हाला उशीर का व्हायचा, ते आता समजलं. जा, माफ केलं.

तुमचीच,
तुळशी