शिंगं शिजत नाहीत

कनाटा,
नोव्हेंबर २०१७

प्रिय यशोधन,

पत्र मराठीत आहे म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही. चार वाक्यं झाली की मीच सॉरी म्हणून मोकळी होते. तुला दर रविवारी बेसमेंटमधल्या मराठी शाळेत ओढत नेलं ते आजच्या दिवसासाठीच होतं असं समज. हळूहळू वाच, अडलं तर गुंजनला विचार. पण लगेच फोन उचलून 'आई, जस्ट टेल मी द पॉइंट' असं म्हणू नकोस. पॉइंट शेवटी आहे आणि तिथे पोचायला मलाही जरा वेळ लागणार आहे.

मी तुम्हा दोघांना कंटाळले आहे, हे आधी सांगते. वर्ष झालं, तू आणि बाबा एकमेकांशी बोलत नाही आणि मी मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसारखी बसले आहे. तू मला विचारतोस, 'हाऊ इज बाबा?' बाबा शेजारच्याच खुर्चीत असतात, पेपर तोंडासमोर धरून. तू फोन ठेवलास की पेपर खाली येतो आणि विचारतात, 'काय म्हणत होता?' अरे, एवढं विचारायचं होतं ना, मग त्यांना हात लांब करून फोन घ्यायला काय झालं होतं? एकाला विंटर टायर्स बदलले का ते कळायला हवं, दुसऱ्याला गुडघा कसा आहे ते कळायला हवं, आणि दोघांनाही ते माझ्याच तोंडून. घरात हट्टी माणूस एक असला तर संसार होतो. दोन असले की तिसऱ्याचं सुपात घालून पाखडणं होतं.

आणि हे सगळं कशावरून? एका मेलेल्या हरणाच्या डोक्यावरून.

बाबा शिकारीला कसे लागले ते तुला अर्धंच माहीत आहे. तू तेव्हा वॉटरलूला शिकत होतास. बाबांची कंपनी डबघाईला आली आणि गॉर्डनला आणि त्यांना एकाच सकाळी घरी पाठवलं. बाबा मग दिवसभर खिडकीशी बसायचे. मी कामावरून आले तरी तिथेच, लाइटसुद्धा न लावता. नोव्हेंबरात गॉर्डन आला, त्यांना गाडीत घातलं आणि आलमाँटजवळच्या आपल्या वडिलोपार्जित रानात घेऊन गेला. 'खिडकीतून बघण्यापेक्षा झाडाखाली बसून बघ,' म्हणाला. पुढच्या वर्षी बाबांनी लायसन्स काढलं आणि पहिलं हरीण आलं. माझ्या माहेरी अंडंसुद्धा मागच्या दाराने यायचं. मी गराजच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी राहिले आणि म्हटलं, हे माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही. आठवडाभरात मी त्याचं सुकं करत होते. बाबांना अजून नोकरी नव्हती, यशोधन. तो सगळा हिवाळा आपण त्या मटणावर काढला, आणि तुला डब्यात घालून मी पाठवायचे तो खिमाही त्याचाच. तू रूममेट्सना 'माय मॉम्स लँब' म्हणून खाऊ घालायचास. मी कधी खोडून काढलं नाही.

हरणाच्या मटणाला चरबी नसते. घाई केली की चामडं होतं. दह्यात मुरवावं लागतं, मंद आचेवर ठेवावं लागतं. बाबा तसंच रानातही वागतात. हरीण पडलं की आधी त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसतात. मी एकदा विचारलं, काही म्हणता का मनात? म्हणाले, 'काय म्हणणार? ते ऐकायला कुठे आहे?' पण मग उठतात आणि काळोख पडायच्या आत सगळं साफ करून, मांस थंड करून, वाटे घालूनच घरी येतात. वाटा गॉर्डनचा, त्याच्या मेव्हण्याचा, आपला. हा त्यांचा देवधर्म. घरातल्या देवाला त्यांनी कधी एवढ्या मनापासून हात जोडलेले मी पाहिले नाहीत.

आणि तू! तू आपण होऊन म्हणालास, मला यायचंय, तेव्हा बाबांनी तुझ्यासाठी बूट आणले, नारिंगी जॅकेट आणलं, लग्नात मुंडावळ्या बांधाव्यात तशा कौतुकाने ते तुला घालून बघितलं. पहिली दोन वर्षं ठीक गेली. मग तुला ऑफिसातले ते मित्र भेटले, सस्कॅचेवानला विमानाने शिकारीला जाणारे. मग तू शिंगांची टोकं मोजायला लागलास. समोर आलेली मादी सोडायचास, तरुण नर सोडायचास. का, तर 'नॉट बिग इनफ.' बाबा मला हसत म्हणायचे, 'आपला मुलगा हरीण नाही, स्थळ बघतोय.' तेव्हा हसत होते.

गेल्या वर्षी तुला हवं ते स्थळ मिळालं. शिंगं मोठी होती, मी कबूल करते. मी फोटो बघितले. फोटोच फोटो! ओढ्याजवळ, ट्रकवर, एक गुडघा टेकून, डोकं असं वळवून, तसं वळवून. नोव्हेंबर असूनही दिवस उबदार होता, आणि बाबा तुला पुन्हा पुन्हा सांगत होते की आधी पोट साफ कर, मांस नासेल. मग तू डोकं आणि खांद्यापर्यंतचं कातडं घेऊन, ४०१ हायवेला ट्रॅफिक लागेल म्हणून, पेंढा भरून घ्यायला टॅक्सिडर्मिस्टकडे निघूनही गेलास. राहिलेलं धड बाबांनी आणि गॉर्डनने सोललं. मागच्या एका मांडीला वास सुटला होता. तेवढी त्यांना रानात नेऊन पुरावी लागली. त्या संध्याकाळी बाबांनी तुला फोन केला. मी शेजारीच होते. तू म्हणालास, 'इट्स जस्ट मीट, बाबा. ग्रोसरीतून हवं तेवढं आणून देतो.' बाबा म्हणाले, 'यू विल नॉट कम विथ मी अगेन.' ते तुझ्याशी इंग्रजीत बोलले तेव्हाच मला कळलं की आता हे लवकर मिटत नाही. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, 'शीला, शिंगं शिजत नाहीत.'

मला शिंगांचं कौतुक कळत नाही असं नाही, पण अरे, ती दर हिवाळ्यात आपोआप गळून पडतात! बर्फ वितळल्यावर गॉर्डनच्या रानात फिरायला गेलं की पानांत सापडतात. त्याच्या बायकोने, मार्लीनने, एकावर किल्ल्या अडकवल्या आहेत. कुणाला मारावं लागलं नाही. तुला ती हवी होती तर एप्रिलमध्ये जायचं होतंस गमबूट घालून.

आणि वर त्याचं प्रदर्शन कुठे, तर फायरप्लेसवर! गणपतीला मी मिल्टनला तुमच्या घरी आले. बाबा आले नाहीत, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मी दारातून आत पाऊल टाकलं तर मखरात बाप्पा आणि बाप्पाच्या बरोब्बर डोक्यावर ते मुंडकं. गुंजन बिचारी कानात पुटपुटली, 'आई, मी शाल टाकायचं म्हटलं, तर हा नको म्हणाला.' आरती सुरू झाली, कापराचा धूर त्याच्या नाकपुड्यांत जाऊ लागला, आणि तुमचे ते रिचमंड हिलहून आलेले गुरुजी मंत्र म्हणता म्हणता एकदा खाली आणि एकदा वर बघत होते. त्यांना नमस्कार नक्की कोणाला चाललाय तेच कळेना. अक्षरा मला विचारते, 'आजी, व्हेअर इज द रेस्ट ऑफ हिम?' सहा वर्षांच्या पोरीला जे कळतं ते तुला कळू नये? मी तिला काय सांगायचं होतं? अर्धा आजोबांनी खाल्ला आणि थोडा पुरला?

आता या वर्षीचं ऐक. गॉर्डन वसंतात शिडीवरून पडला, कंबर मोडली. तो आता रानात जाणार नाही. त्याचा मेव्हणा मुलीकडे कॅलगरीला राहायला गेला. राहिले बाबा. गॉर्डनचा पहिल्यापासूनचा नियम आहे की रानात एकट्याने शिरायचं नाही, आणि बाबा नियम मोडणार नाहीत हे तुला सांगायला नको. तुला फोन करणार? छे! 'या वर्षी नाही जात,' म्हणाले, आणि पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसले. त्याच खुर्चीत, यशोधन. मी ते एकदा बघितलं आहे. पुन्हा बघणार नव्हते.

म्हणून मी लायसन्स काढलं. हो, मीच. बंदुकीचा कोर्स वेगळा, शिकारीचा वेगळा, दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या. पहिल्या दिवशी तिथल्या शिकवणाऱ्याने मला विचारलं, नातवाला सोडायला आलात का? मी म्हटलं, नातू नाही मला, पेन्सिल आहे का तुमच्याकडे? वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि मी, कार्डिगन घालून, पहिल्या बाकावर. दोन्हींत पास झाले. बाबांना सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग गराजमध्ये गेले आणि तुझं नारिंगी जॅकेट घेऊन आले. मला गुडघ्यापर्यंत येतं. बाह्या दुमडून घातलं.

सोमवारी सीझन सुरू झाला. बाबांना यंदा सरकारी ड्रॉमध्ये मादी मारायचा टॅग मिळाला होता. सकाळी त्यांनी मला टेकाडाच्या अलीकडे एका सीडरच्या झाडाखाली बसवलं आणि स्वतः पलीकडच्या उतारावर गेले, शिट्टी ऐकू येईल इतकंच अंतर. दुपारी त्यांच्या बाजूने एकच बार झाला. मी धापा टाकत पोचले तर ते मादीच्या मानेवर हात ठेवून बसले होते. मी पोट साफ करायला मदत केली. हो, या हातांनी, ज्या हातांनी मी सोवळ्यात मोदक केले आहेत. हात इतके गार पडले होते की तिच्या आतल्या उबेने बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याचं मला रडू आलं. बाबांनी आपला रुमाल दिला. संध्याकाळी आम्ही गॉर्डनचा वाटा त्याच्या घरी पोचवला. तो खाटेवरून हात वर करून म्हणाला, 'शीला, यू आर हायर्ड.' वर्षभरात पहिल्यांदा बाबा खदाखदा हसले. एक वाटा तुझ्या नावाचा आहे. डब्यावर नाव मी घातलेलं नाही. अक्षर बाबांचं आहे.

आता पॉइंट. बाबांचा बार व्हायच्या आधी, सकाळी, मी एकटी बसले असताना, समोरच्या सीडरमधून एक नर बाहेर आला. तुझ्या त्या भिंतीवरच्यापेक्षा मोठा. शिंगं अशी की बघताना श्वास रोखला जावा. माझ्या लायसन्सवर नर मारायला परवानगी होती. मी बंदूक उचलली, आणि शपथेवर सांगते, माझ्या मनात मटण नव्हतं, वाटे नव्हते, बाबाही नव्हते. माझ्या मनात आलं, हा माझा. सगळ्यांना दाखवेन. मी चाप ओढला. सेफ्टी काढायला विसरले होते, एवढंच. नुसता चाप अडला, त्याने कान हलवले आणि तो सावकाश निघून गेला. मी सोडला नाही त्याला, यशोधन. तो वाचला. बाबांनी विचारलं, काही दिसलं का? मी म्हटलं, खार. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी इतकं सहज खोटं बोलले नव्हते, आणि खरं सांगितलं तर ते तुझ्याशी झाले तसे माझ्याशीही बोलायचे बंद होतील की हसतील, हे मला आजही ठरवता येत नाही. हे सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही. तू चुकलासच, ती मांडी पुरावी लागली हे मी विसरणार नाही. पण तुला तेव्हा काय झालं होतं ते आता मला माहीत आहे, आणि ते माहीत असलेली दोन माणसं एका घरात असली तर बाबांना समजावणं सोपं जाईल. सीझन पुढच्या आठवड्यात संपतो. शनिवारी ये. आधी फोन करू नकोस, तो मीच उचलेन आणि पुन्हा तेच सुरू होईल. सरळ येऊन बेल वाजव. दार बाबा उघडतील, मी तेवढा वेळ वरच्या वॉशरूममध्ये राहीन.

तुझीच, अजून न निवळलेली,
आई