सहा नंबरचा फॉर्म

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही, आणि मला ओरडून घरच्या बातम्या अख्ख्या गल्लीला द्यायच्या नाहीत, म्हणून हे पत्र. खुर्चीत नीट बसून वाच. पन्नाशीला दोन वर्षं उरलेली असताना तुझी बहीण पुन्हा विद्यार्थिनी झाली आहे. झाली आहे म्हणजे, होऊन वर्ष झालं. नापास झाले असते तर कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

विषयाचं नाव आहे 'औषध नियमन आणि आरोग्य धोरण'. पदव्युत्तर पदवी, सगळं ऑनलाइन. कुठलं औषध बाजारात येऊ द्यायचं, त्याच्या पाकिटावर काय छापायचं, हे कोण आणि कसं ठरवतं, त्याचा अभ्यास. बावीस वर्षं रुग्णालयाच्या औषधखिडकीत बसून गोळ्या दिल्या. म्हटलं, त्या माझ्या खिडकीपर्यंत येतात कशा, ते तरी बघू.

वर्ग सकाळी साडेसहाला असतो आणि मी तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून करते, कारण नेट तिथेच धड येतं. मागच्या आठवड्यात माइक बंद करायचा राहिला. सर धोरनाच्या अंमलबजावणीवर अगदी रंगात येऊन बोलत होते आणि मी यांना खडसावत होते, की ओला टॉवेल गादीवर टाकणाऱ्याला जन्मठेपच हवी. एकेचाळीस जणांनी ऐकलं. सरांनी शांतपणे विचारलं, की हा नियम राबवणारी यंत्रणा कोणती. मी लॅपटॉपच मिटला.

आता काम सांगते. प्रबंधासाठी मला साठी उलटलेली पंधरा माणसं हवी आहेत. त्यांनी घरातल्या आपापल्या गोळ्यांची पाकिटं हातात घ्यायची, जे वाचता येईल ते सोबतच्या फॉर्मात लिहायचं, बस्स. नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर. तुझ्या बागेतल्या बाकड्यावरची मंडळी तयार होतील?

वहिनीला नमस्कार. रागावला असलास तरी उत्तर धाड.

तुझी,
भिंगरी

---

२६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वर्षभर लपवलंस! कान धरावा की पाठ थोपटावी, ते ठरेना. शेवटी तुझ्या पत्रातल्या तीन चुका लाल शाईने सुधारल्या, तेव्हा मन शांत झालं. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला 'धोरण' हा शब्द 'धोरन' असा लिहून पाठवायचा नसतो. त्याच विषयाची पदवी घेणाऱ्या बाईने तर नाहीच नाही.

फॉर्म सोबत आहेत, पंधराच्या पंधरा. बाकड्यावर नुसती धमाल उडाली. निवृत्त बसचालकाने 'रिकाम्या पोटी' हे 'रिकाम्या पेटी' असं वाचलं आणि घरात रिकामी पेटी कुठे आहे यावर विचार करत बसला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावायला साफ नकार दिला आणि पाकीट इतकं लांब धरलं, की पलीकडच्या बाकावरच्या माणसाला वाटलं आपल्यालाच देताहेत. त्याने आभार मानून घेतलं. कोर्टातल्या जुन्या कारकुनाने फॉर्मच्या खाली 'वरील मजकूर खरा आहे' असं लिहून सही ठोकली. नाव लिहायचं नाही हे मी त्याला चारदा सांगितलं होतं.

मीही त्यातलाच एक आहे, पण कितवा ते सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

इकडे सगळं ठीक. परवा पुस्तकांचं कपाट माझ्या अंगावर आलं, म्हणजे मी त्याच्या अंगावर गेलो. जिनाही हल्ली मधूनच हलतो. तुझ्या वहिनीला वाटतं मला काहीतरी झालंय. मी तिला म्हटलं, घर जुनं झालंय.

अभ्यास कर. टॉवेल तूच उचल.

तुझा,
दादा

---

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेल तोवर तू डॉक्टरांकडे जाऊन आला असशील. आत्ताच वहिनीला फोन केला. तरी लिहिते आहे, कारण फोनवर तुला काही ऐकू येत नाही.

सहा नंबरच्या फॉर्मवर नाव नाही. पण त्यात एक अक्षर राहिलं होतं, ते हंसपदाची खूण करून वर घातलंय. गोळ्यांच्या फॉर्मात हंसपद काढणारा माणूस या जगात एकच आहे.

तू दोन पाकिटं लिहिलीस. वहिनी म्हणते, एक आपल्या जुन्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं ते रजेवर गेल्यावर तीन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी. पाकिटांवरची मोठ्या अक्षरातली नावं तू बरोबर लिहिलीस. 'आत कोणतं औषध आहे' या रकान्यात मात्र दोन्हींपुढे 'अक्षर फार बारीक, दिसत नाही' असं आहे. दादा, मला ती दोन्ही पाकिटं पाठ आहेत. दोन्हींच्या आत एकच औषध आहे, रक्तदाबाचं. दोन कंपन्या, दोन नावं, गोळी तीच. तीन महिने तू दुप्पट घेतो आहेस.

जिना हलत नाही रे. तू हलतोस. आणि मी तुझं ते पत्र वाचून पोट धरून हसले होते.

उलट टपाली कळव. नाही कळवलंस तर मी स्वतः येऊन उभी राहीन.

भिंगरी

---

१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्र लिहायची माझी पाळी नाही, पण यांच्यावर सोडलं तर हे खरं सांगायचे नाहीत.

तुमचा फोन ठेवला आणि यांना घरातल्या कपड्यांवरच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोनदा रक्तदाब मोजला आणि दोन्ही वेळा भुवया वर केल्या. इतक्या खाली आलेल्या दाबाने हा माणूस उभा कसा, असं म्हणाले. एक पाकीट बंद केलं, दुसरं ठेवलं. आठवडाभर रोज मोजायला बोलावलंय.

तुम्हाला जिना हलतो एवढंच लिहिलं, तिथे काय झालं ते नाही. महिन्यापूर्वी हे वरून चौथ्या पायरीवर मटकन बसले. मी खाली होते. हाका मारत होते, यांना ऐकू जाईना. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. तुम्हाला कळवू नये असं मला बजावलं होतं. मीही ऐकलं, चुकलंच माझं.

आता मात्र घरात राहणं कठीण झालंय. कुठून तरी भलं मोठं भिंग आणलंय आणि सकाळपासून घरातली प्रत्येक बाटली वाचून काढताहेत. माझ्या केसांच्या तेलाची मुदत चार वर्षांपूर्वीच संपली, हे त्यांनी शेजारणीसमोर जाहीर केलं. चार वर्षांत केसांना काही झालं नाही, हे मीही जाहीर केलं.

वन्सं, तुमच्या अभ्यासाने माझं घर राखलं. तब्येत जपा.

तुमची,
वहिनी

---

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रोजचे आकडे मिळाले. उत्तम! आता वाईट बातमी. तुला प्रबंधातून काढलं आहे.

फॉर्म कुणाचा ते मी ओळखलं आणि वर फोनही केला, हे मार्गदर्शक बाईंना सांगणं भाग होतं. पदवी हातची जाते की काय असं वाटत होतं. बाईंनी पडद्यावर सहा नंबरचा फॉर्म दाखवायला सांगितला. मग म्हणाल्या, की फोन केला नसता तर त्यांनी मला नापास केलं असतं. पण मोजणीत सहा नंबर धरायचा नाही आणि का धरला नाही ते उघड लिहायचं. उरलेल्या चौदांपैकी अकरा जणांना आतल्या औषधाचं नाव वाचता आलेलं नाही.

मसुदा सोबत आहे. वाचशील?

भिंगरी

---

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मला गाळलं! जन्मभर मी लोकांच्या ओळी गाळल्या, माझ्यावर ही वेळ पहिलीच. बाकड्यावर हे सांगितलं तेव्हा बसचालक इतका हसला, की आता त्याचाच रक्तदाब बघायला हवा.

मसुद्यात सत्तेचाळीस चुका सापडल्या. पान बारावर 'प्रभावी औषध'च्या जागी 'प्रवाही औषध' झालंय. सगळ्या गोळ्या पातळ करून टाकल्यास.

पान एकतीसवर मात्र लाल पेन खाली ठेवलं. 'एका सहभागी व्यक्तीस धोका आढळल्याने संशोधिकेने तात्काळ हस्तक्षेप केला.' ते वाक्य मी तीनदा वाचलं. मग तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. जिन्यातलं तुला सांगितलं नाही, माझं चुकलं. पुन्हा व्हायचं नाही.

तोंडी परीक्षेला माइक तपास.

दादा

---

२० जुलै

ती. दादास व वहिनीस,
सा. न. वि. वि.

पास! पहिल्या वर्गात! निकाल आला तेव्हा मी खिडकीत होते आणि समोर डोळ्यांचे थेंब न्यायला आलेले एक आजोबा होते. घरी कुणाला कळायच्या आत त्यांनाच सांगून टाकलं. त्यांनी तोंड भरून अभिनंदन केलं आणि थेंब लवकर द्यायला सांगितले.

पुढचं ऐका. औषध नियंत्रण कार्यालयात पाकिटांवरचा मजकूर तपासणाऱ्या विभागात जागा होती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनीच अर्ज करायला सांगितलं होतं. केला, मुलाखत झाली, आणि सोमवारी मी तिथे रुजू झाले! खिडकी सुटली म्हणून शेवटच्या दिवशी रडले, आणि घरी येऊन गादीवरचा ओला टॉवेल बघून आणखी रडले.

पहिल्याच दिवशी टेबलावर पहिली फाईल आली. खोकल्याचं औषध. कंपनीचं नाव ढोलाएवढं आणि आतल्या औषधाचं नाव मुंगीच्या पावलाएवढं. दादा, अगदी तुझी पाकिटं! पेन उघडलं आणि समासात ठणकावून लिहिलं, की औषधाचं नाव वाचता येत नाही, मोठ्या अक्षरात छापावं, तोवर परवानगी नाही. खाली झोकात सही केली. फाईल साहेबांकडे गेली. जेवणाच्या सुट्टीत मी कुणाशी न बोलता एकटीच हसत होते.

दुपारी फाईल माझ्याच टेबलावर परत आली. शेरा योग्य आहे, असं साहेबांनी लिहिलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती, की शेरा लिहिणाऱ्याचं नाव मात्र वाचता येत नाही, मोठ्या अक्षरात लिहावं, तोवर फाईल पुढे जाणार नाही.

लिहिलं. फाईल पुढे गेली.

दोघांचा लोभ आहेच, तो असाच भरभरून राहू दे.

तुमची,
भिंगरी