मागच्या दोन खोल्या

राजारामपुरी, कोल्हापूर
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९५६

प्रिय नंदिनी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. भाचरांचा गोवर, गुऱ्हाळाची तयारी, वहिनीच्या माहेरचं लग्न, सगळं सविस्तर लिहिलंस आणि स्वतःबद्दल मात्र 'मी बरी आहे' यापलीकडे एक अक्षर नाही. मी चिडले आहे. पण ते भांडण नंतर काढते, आधी माझी एक अडचण ऐक.

आमचं घर बांधून झालं हे तुला कळवलंच होतं. मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. त्यात घरमालकाने काय काय ठेवायचं, यावरून घरात नुसती जुंपली आहे. यांचं म्हणणं, मालकाने भिंती द्याव्यात, संसार ज्याचा त्याने आणावा. आणि हे कोण म्हणतंय बघ! मंगळवार पेठेत आपण भाड्याने राहत होतो तेव्हा बनाबाईंनी न्हाणीत बंब ठेवला नाही म्हणून रोज अंघोळीच्या वेळी कुरकुरणारा हाच तो गृहस्थ. स्वतः मालक झाला आणि लगेच त्याला भिंती पुष्कळ वाटायला लागल्या.

बनाबाईंवरून आठवलं. एकोणपन्नास साली तू आणि मी एकाच आठवड्यात त्यांच्या समोरासमोरच्या खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. मी सांगलीहून आलेली नवी नवरी, पीठ गिरणीतून येतं एवढंच मला ठाऊक. स्वयंपाकघराच्या मधोमध जातं बघून मला वाटलं, आधीच्या बिऱ्हाडाने ओझं नको म्हणून टाकून दिलं असणार. सामान आणणाऱ्या हमालाकडून मी ते अंगणात काढून घेतलं आणि त्या जागी ऐटीत माझी ट्रंक ठेवली. बनाबाई म्हशीची धार काढून आल्या आणि अंगणातूनच कडाडल्या, "कुणी काढलं गं जातं भाईर? घराचं हाय त्ये, भाडेकरूचं न्हाय! दगडमाती माझी, तांबंपितळ तुमचं, पयल्याच दिवशी सांगितलं न्हवतं व्हय?" सारी गल्ली गोळा झाली. मी रडायला लागले, आणि तू समोरच्या उंबऱ्यात उभी राहून हसत होतीस! तुझं ते हसणं मी पुढे कितीतरी दिवस मनात धरून होते. पण हसता हसता पदर खोचून तूच आलीस आणि आपण दोघींनी जात्याचे ते दोन दगड गडगडवत आत नेले.

चूल, उखळ, पाटावरवंटा, जातं, एवढं मालकिणीचं. हंडेकळशांपासून पोळपाटापर्यंत बाकी सगळं आपलं. त्यातही बनाबाईंची गंमत अशी की जातं माझ्या खोलीत आणि उखळ तुझ्या. एकीचं दुसरीवाचून अडलंच पाहिजे. मला दळायला तूच शिकवलंस. एका खुंट्याला दोघींचे हात, आणि समोर बसून तू तुझ्या गडहिंग्लजकडच्या अर्ध्या कानडी ओव्या म्हणायचीस. अर्थ विचारला की दर वेळी निराळा सांगायचीस, लबाड! बनाबाईंनी एक बाजही दिली होती, तिच्यातले ढेकूण मात्र भाड्यात धरले नव्हते. एकदा तुझ्या नृसिंहरावांनी स्टुडिओतले पडदे रंगवून उरलेला मोरपंखी रंग आणला आणि आपली दोन्ही दारं रंगवून टाकली. बनाबाईंनी दिवसभर तोंड सोडलं. आणि दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला हाताला धरून दाखवायला लागल्या, "बघा की पावणं, राजवाड्याला तरी हाय का असलं दार!" त्या घरात किती कमी होतं आणि आपण किती हसायचो गं. आता माझ्या घरात नळ आहे, विजेचा दिवा आहे, आणि दुपारी आमची लेक मीनाक्षी शाळेत गेली की बोलायला माणूस नाही.

नृसिंहराव गेले. दिवस उरकले आणि तुझ्या सासरच्यांनी हंडेकळशा, पराती, अगदी ताकाची रवीसुद्धा बैलगाडीत घातली. तू एक ट्रंक घेऊन भावाकडे जायला एस.टी.त बसलीस. मी स्टँडवर आले होते, तुझी ती एकुलती ट्रंक पाहिली होती. म्हणून परवा मी यांना विचारलं, ज्या भाडेकरणीजवळ तांबंपितळ उरलंच नसेल, तिने काय करायचं? हे म्हणाले, अशी कोण आहे? मी नाव सांगितलं. कचेरीतल्या एका कारकुनाला यांनी खोल्या जवळजवळ कबूल केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याला नाही म्हणून आले आणि येताना तांबटाकडून बंब घेऊन आले. संध्याकाळी स्वतः हातोडी घेऊन मागच्या दाराला आतून जाडजूड कडी ठोकली. मला म्हणाले, बाईमाणूस एकटं राहायचं तर मालकाने आधी ही द्यायला हवी.

आता भांडण. नवरात्रात तुमच्या शेजारच्या शालूबाई अंबाबाईच्या दर्शनाला आल्या, त्या अजून आमच्याकडेच आहेत, उद्या परत निघतील. तू मास्तरणीची परीक्षा पास झालीस, इथल्या मुलींच्या शाळेत नेमणूक आली, दिवाळीनंतर रुजू व्हायचं आहे, हे मला त्यांच्याकडून कळावं? तुझे दादा म्हणतात, एकट्या विधवेला कोल्हापुरात कोण खोली देणार, नको म्हणून कळवून टाक. आणि तू मान खाली घालून तयार झालीस म्हणे. तू बाहेरच्या उघड्या सोप्यात गुळाच्या ढेपांशेजारी निजतेस, लुगडं बदलायलाही वहिनीचं दार वाजवावं लागतं, हेही शालूबाईंनीच सांगितलं. मी रात्रभर रडले, तुझा रागही आला. नंदिनी, खोली मी देते. उपकार नाही, भाडं पहिल्या पगारापासून घेईन, कारण फुकट म्हटलं तर तू येणार नाहीस. दादांना सांग, खोली मिळाली; विचारू नकोस, सांग. हे पत्र पोस्टात न टाकता शालूबाईंच्या हाती देते आहे, कारण सोबत मागच्या दाराच्या किल्ल्या आहेत. कुलपाला दोन मिळाल्या. हे म्हणाले, अडीनडीला एक मालकाजवळ असू दे. मी दोन्ही पाकिटात घातल्या आणि खोल्यांना कुलूप लावून टाकलं. आता तू आल्याशिवाय ते मलाही उघडता यायचं नाही.

तुझीच,
कालिंदी