सहा काडतुसं मोफत

सोमवार, १० सप्टेंबर

पोचले बाई एकदाची! लिटल रॉकहून सहा तास गाडी हाकली, वाटेत इंजिन दोनदा रुसलं, रेडिओवर प्रवचनाशिवाय काही लागेना. पण गाव दिसलं आणि जिवात जीव आला. डनहॅम क्रीक म्हणजे एक चौक, दोन चर्च, एक पेट्रोल पंप आणि मिस्टर हॉइट यांचं दुकान. दुकानात डाव्या हाताला गळ आणि गांडुळं, उजव्या हाताला बंदुका. माझी नोकरी उजव्या हाताला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तुला कोण ठेवणार, असं माझी बहीण म्हणत होती. घे म्हणावं आता! माझा वेस पोलिसात होता. तीस वर्षं त्याची रिव्हॉल्व्हरं मीच खोलली, पुसली, तेल घातलं. तो गेला आणि त्याचं शेवटचं रिव्हॉल्व्हर तेवढं माझ्या उशाशी राहिलं. ही विद्या कधी पोटाला घालेल असं वाटलं नव्हतं.

मिस्टर हॉइट साठीचे असतील. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतात. मला दुकानामागच्या दोन खोल्या दिल्या, पलंगावर नवी गोधडी घालून ठेवली होती. बायका पुरुषापुढे मनातलं बोलत नाहीत मिस ओपल, म्हणून तर तुम्ही हव्यात, असं म्हणाले. संध्याकाळी स्वतः तळलेला मासा आणून दिला. देवमाणूस आहे.

गुरुवार, १३ सप्टेंबर

कामात रुळले. येतात त्या बहुतेक गरीब बायका, आणि घाबरलेल्या. येतात आणि तळहाताएवढं गुलाबी पिस्तूल मागतात. लहान ते बाईचं, हा शोध कुणी लावला देव जाणे! लहान पिस्तूल गाढवासारखं लाथ मारतं, नेम धरायला जागा नाही, आणि वेळेला अडकतं ते वेगळंच. मी सरळ सांगते, बये, नव्याचा हट्ट सोड. पोलिसांनी हल्ली पिस्तुलं घेतली, त्यांची जुनी रिव्हॉल्व्हरं विकायला निघाली आहेत, त्यातलं अडतीस बोअरचं घे. चामड्यात घासून रंग उडालेला असतो, पण आतून कोरं असतं. पोलीस ते बारा महिने कमरेला बांधतात आणि वर्षातून एकदा उडवतात. मुठीत धर, करंगळी बाहेर राहतेय का बघ. दीडशे डॉलर असतील तर शंभराचं रिव्हॉल्व्हर घे आणि उरलेल्याची काडतुसं घेऊन सराव कर. न उडवलेलं हत्यार म्हणजे भिंतीवरचा क्रूस नव्हे, नुसतं असून काय उपयोग!

या सरावावरून मात्र मिस्टर हॉइट हसतात. गरिबाला कशाला खर्चात पाडता, म्हणतात. प्रत्येक रिव्हॉल्व्हरबरोबर सहा काडतुसं ते पदरची देतात. सहाच. वेळ आली तर सहा पुष्कळ, असं त्यांचं म्हणणं. दुकानाचा दुसरा नियम असा की चाप ओढून बघायचा नाही. चापात प्लॅस्टिकची पट्टी अडकवलेली असते, ती घरी नेऊन कापायची.

आणि एक कार्ड भरायचं. एकटी राहता का, घरी किती वाजता येता, कुत्रा आहे का, दारं कशी आहेत, हत्यार कुठे ठेवणार. खरं आहे, घर कळल्याशिवाय हत्यार सुचवू नये. बायका मला भडाभडा सांगतात. मिस्टर हॉइट म्हणाले, तुम्ही आल्यापासून कार्डं केवढी भरलेली येतात!

मंगळवार, १८ सप्टेंबर

आज डोरीन आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, चाळिशीची, हात माझ्याहून मोठे आणि हसणं त्याहून मोठं. सोडलेला नवरा रोज घरावरून गाडी नेतो म्हणाली. मी तिला खिडकीजवळचं रिव्हॉल्व्हर दाखवत होते, इतक्यात मिस्टर हॉइट यांनी खालच्या कप्प्यातून दुसरं काढलं. अडतीसचंच, जुनं, मुठीला चीर. नव्वद डॉलर, तुमच्यासाठी सत्तर, असं म्हणाले. डोरीनचे डोळेच पाणावले. मला पहिलं बरं वाटत होतं, पण पैसे तिचे.

जाताना मी तिला बायकांची जुनी युक्ती सांगितली. नळीच्या टोकावरच्या माशीला, जिथून नेम धरतात तिला, नखाचा रंग लाव, अंधारातसुद्धा दिसते. ती म्हणाली, माझ्याकडे एकच बाटली आहे ग, भाचीनं दिलेली, असला घाणेरडा जांभळा रंग की चोर बघूनच पळेल! दोघी खो खो हसलो.

सोमवार, ८ ऑक्टोबर

डोरीनचं रिव्हॉल्व्हर खालच्या कप्प्यात परत आलंय. मुठीवरची चीर मी ओळखली. मिस्टर हॉइट म्हणाले, ती बहिणीकडे टल्साला गेली, जाताना विकून गेली. बरं झालं, सुटली बिचारी. पण मला न भेटता गेली, याचं वाईट वाटलं.

पेट्रोल पंपावर शाळेतली एक बाई भेटली. ती म्हणाली, डोरीननं आठवड्याचा पगारसुद्धा उचलला नाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

सकाळी लिनेट आली. धुलाईच्या दुकानात कामाला, सव्वीस वर्षांची, सहा वर्षांची मुलगी आहे. पूर्वीचा मित्र धमक्या देतो. गाडी तोच घेऊन गेला. घर गावाबाहेर, खडीच्या रस्त्याच्या टोकाला. कुत्रा नाही. गुरुवारी बारानंतर घरी एकटी, मुलगी चारपर्यंत शाळेत. सगळं लिहून घेतलं. मिस्टर हॉइट म्हणाले, तेच सत्तरचं द्या हिला, पुसून ठेवा.

संध्याकाळी पुसायला बसले. माशीवर जांभळा रंग होता, बरोब्बर डोरीनचा. तो सुरीनं खरवडला तर खाली लाल निघाला. लालखाली नारिंगी, त्याखाली चमकीचा गुलाबी. मग भगवट, मग शेंदरी, मग मोतिया. सात रंग. सात बायकांनी हे रिव्हॉल्व्हर विकत घेतलं आणि सातही जणींनी परत आणून दिलं?

मिस्टर हॉइट यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, भीती असते तोवर घेतात मिस ओपल, भीती ओसरली की विकतात. पटण्यासारखं आहे. पटवून घेतलं.

बुधवार, १० ऑक्टोबर

नीट झोप लागली नाही. सकाळी वेसची जुनी परीक्षा करून बघितली. पट्टी कापली, काडतूस नसल्याची खात्री केली, नळीत पेन्सिल सोडली, रबराची बाजू आत. नळी छताकडे धरून चाप ओढला. चांगल्या रिव्हॉल्व्हरात पेन्सिल टुणकन उडते. ही हललीसुद्धा नाही. सहा वेळा केलं. मग घोड्याच्या टोकाची चोच बघितली. तीच तर काडतुसाला ठोकते. चोच कानशीनं घासून सपाट केलेली. घासल्याचे ओरखडे चकाकत होते.

मी मूर्ख बाई धावत हॉइटकडे गेले. बघा हो, हे मेलेलं आहे, कुणाचा तरी जीव गेला असता! त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, नीट पुसलं. बरं झालं सांगितलंत, मी चोच बदलून घेतो, म्हणाले. आवाज तोच, गोड. पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

दुपारी मला बँकेत पाठवलं. आले तर कप्पा रिकामा. लिनेट येऊन घेऊन गेली म्हणाले. चोच? बदलली ना, म्हणाले. एका तासात? तीस वर्षं मी ही कामं बघतेय. एका तासात नाही होत.

गुरुवार, ११ ऑक्टोबर, सकाळ

हॉइट दुकान उघडायला जरा उशिरा येतो. तेवढ्यात मी कार्डांचा डबा बघितला. अगदी मागे, रबरबँड लावलेली सात कार्डं. सहा त्याच्या अक्षरात. सातवं माझ्या. डोरीन. प्रत्येकावर लाल पेन्सिलीची खूण.

डबा माझ्या हातून पडला. डोरीनच्या मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, हे मीच लिहिलं आहे. अक्षर सुवाच्य यावं म्हणून दोनदा गिरवलंय.

लिनेटचं कार्ड त्या गठ्ठ्यात नाही. डब्यात कुठेच नाही. आज गुरुवार.

दुपारी बारा वाजून दहा

लिनेटच्या घरी आहे. ती नुकतीच कामावरून आली. तिच्या रिव्हॉल्व्हरात पेन्सिल घातली. हलली नाही. तीच घासलेली चोच.

तिला सगळं सांगितलं. आधी हसली. मिस्टर हॉइट? दानाची थाळी फिरवणारे? मग स्वतः चाप ओढून बघितला आणि हसायची थांबली.

साडेबारा

गावचा पोलीस, डेप्युटी वेंडल, त्याला फोन केला. त्याचं म्हणणं, जुन्या बंदुकीची चोच झिजते, त्यात काय एवढं. मी ओरडले. मग म्हणाला, तुम्ही रिव्हॉल्व्हर घेऊन तिथेच थांबा, मी एकपर्यंत येतो, कुणी नसेल तर मी कुणाची तक्रार लिहू?

राज्य पोलिसांनाही केला. त्यांची गाडी अडीच तासांच्या वाटेवर आहे.

दोन बायका आणि चालणारं रिव्हॉल्व्हर एक. वेसचं. ते मी पिशवीत आणलं होतं.

लिनेटला दिलं. नको नको करत होती. मी तिच्या मुठीत कोंबलं. गाडीची किल्लीही दिली. शाळेतून पोरीला उचल, थेट आईकडे जॉपलिनला जा, वाटेत पेट्रोललासुद्धा थांबू नकोस. ती म्हणाली, तुम्हीपण चला. आणि मग त्याची तक्रार कोण लिहून देणार? तो उद्या खालच्या कप्प्यातून दुसरं काढेल. आठव्या बाईचं कार्ड मी भरलंय. मला उठून जाता येत नाही.

गेली. धूळ खाली बसली.

एक वाजून वीस

डेप्युटी आला नाही. पुन्हा फोन करून सांगितलं, लिनेटला पाठवून दिलंय, मी एकटीच आहे, लवकर ये. दारांना खुर्च्या लावल्या. स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेतली. सोयाबीन कापून नेलंय, सगळीकडे उघडं रान. शेजारचं घर दोन मैलांवर. माझ्या गुडघ्यांनी तिथवर चालवणार नाही.

एक वाजून चाळीस

फोन वाजला. वेंडल. खुशीत होता. हॉइटशी बोललो, म्हणाला. हॉइट कसा हसला म्हणे! चोच बदलायची राहून गेली, माझीच चूक, मीच जाऊन घेऊन येतो, तू कशाला पेट्रोल जाळतोस, असं हॉइट म्हणाला. भला माणूस आहे मिस ओपल, तुम्ही उगाच घाबरलात.

मी विचारलं, त्याला काय सांगितलंस. वेंडल म्हणाला, काही नाही, लिनेट तिथे आहे का विचारत होता. मी म्हटलं ती गेली, मिस ओपल एकट्याच आहेत.

मी किंचाळले. फोन खाली ठेवला होता त्यानं.

पुन्हा लावला. कुणी उचलत नाही. जेवायला गेला असेल.

एक पंचावन्न

गाडी. खडीवर. हळू येतेय.

लिनेट, तुझ्या न धुतलेल्या कपड्यांशेजारी बसलेय, ही वही त्यांत खाली सरकवीन. जॉपलिनच्या पोलिसांना दे. या गावच्या नको. डोरीन टल्साला गेलेली नाही. सात जणी आहेत. कार्डं डब्यात मागे, त्यानं जाळली नसतील तर—

इंजिन बंद.

दोन

दार वाजवतोय. हळूच. पाहुण्यासारखं. मिस ओपल, नवी चोच आणली आहे, इथेच बसवून देतो, उघडा.

मेलेलं रिव्हॉल्व्हर दाराकडे रोखून बसलेय. दुसऱ्या कुणाला भीती वाटली असती. त्याला माहीत आहे. त्यानंच तर—

बोलतोय. घाई नाही त्याला. म्हणतो, तुमच्या खोलीत जाऊन आलो. उशाखाली वेसचं रिव्हॉल्व्हर दिसलं नाही. तुमच्याजवळ आहे का हो?

मी सुरी जवळ ओढली.

तुमच्याजवळ असतं तर एव्हाना तुम्ही तसं ओरडून सांगितलं असतं, म्हणतो. त्या पोरीला दिलंत ना? फार मोठं मन हो तुमचं.

पावलं. घराला वळसा घालून—

दिलं. हो, दिलं रे मुडद्या! चालणारं दिलं, सहाच्या सहा भरून दिलं, स्वतःच्या हातानं पेन्सिल उडवून बघून दिलं. ती आता शाळेच्याही पुढे गेली असेल, हमरस्त्याला लागली असेल, पोरगी शेजारी बसली असेल, आणि तिच्या मांडीवर—