गव्हातली ज्वारी

गुडगाव, नोव्हेंबर १९९८

प्रिय आई,

प्रभूच्या नावात तुला आणि पप्पांना सलाम. आम्ही मजेत आहोत. यांची कंपनी बंद पडली, पण दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, तू काळजी करू नकोस. पप्पांचा गुडघा कसा आहे?

तुझ्यासारखीच मीही स्वयंपाकाआधी देवाची मूठ काढून ठेवते. इथल्या चर्चमध्ये रविवारी सगळ्यांच्या मुठी एकाच पोत्यात पडतात आणि ते धान्य गरजू घरी जातं. सगळे गहू आणतात. मी मात्र तू पाठवलेली नगरची ज्वारी ओतली. पाळकांच्या बाई म्हणाल्या, "अरे, गेहूँ में ज्वार किसने मिला दी?" मी रिकामा डबा पदराखाली घेतला.

परवा त्याच बाई आमच्या दारात पिशवी ठेवून गेल्या. म्हणाल्या, "मना मत करना, बेटी." मला रागच आला. आपण देणारी माणसं, घेणारी नव्हे. चरफडतच निवडायला बसले, तर गव्हात ज्वारीचे दाणे.

मग हसू आलं, आणि थोडं रडूही. दळण टाकायच्या आधी त्यातलीच एक मूठ काढून देवाच्या डब्यात ठेवली.

तुझी,
एस्तेर