माझ्या छातीतली धूळ कुठली

मी, पेजमान हैदर झंगने, वय सव्वीस, मूळ गाव मलायर, इराण, सध्या मुक्काम गोटेनबर्ग, स्वीडन, इस्पितळातली अकरा नंबरची खाट, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, दम तेवढा पुरत नाही. शिक्षण आठवीपर्यंत, म्हणून चुका माझ्या. कोणी दडपण आणलेलं नाही.

१. दगड कापायचा ग्राइंडर आणि हिवाळी बूट माझ्या खोलीत राहणाऱ्या कामरानला. ग्राइंडर त्याने विकावा, वापरू नये. सहा वर्षांत मी नऊ खोल्या बदलल्या, एकीतही खिळा ठोकला नाही; भिंतीवरून उतरवायला दुसरं काही नाही.

२. आईने विणलेली लाल सतरंजी बहीण नाहीदला.

३. कारखान्याच्या मालकांना माझा मास्क. तीन-तीन आठवडे एकच वापरायचो. स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड आम्ही कोरडेच कापायचो, पाणी सोडलं की धूळ बसते, पण काम मागे पडतं म्हणून.

४. वरच्या मजल्यावरच्या गुनवोरखानुम, म्हणजे गुनवोरबाई, वय अठ्ठ्याहत्तर. तुमच्याकडे उंट किती, बहिणीला वाचू देतात का, असं विचारायच्या. नाहीद शाळेत गणित शिकवते आणि मलायरला गुडघाभर बर्फ पडतं, हे मी हसून सांगायचो. मार्चमध्ये केक घेऊन आल्या, खोकला ऐकला आणि म्हणाल्या, "अरे बाळा, लहानपणी युद्धातला विषारी वायू गेला ना रे छातीत?" इराकशी झालेलं ते युद्ध संपलं त्यानंतर अकरा वर्षांनी मी जन्मलो. पण घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याचं बोलणं आमच्यात खोडत नाहीत. मान लववून म्हणालो, "तुम्ही म्हणता तसंच, खानुम."

कारखान्याचा माणूस चौकशीला आला तेव्हा त्यांनी हे त्याला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. आता कागदावर आहे: आजार मायदेशातून आणलेला. म्हणून यंत्राला अजून पाणी जोडलेलं नाही, आणि कामरान धरून चार पोरं आजही कोरडंच कापताहेत.

५. सबब माझी फुप्फुसं इथल्या डॉक्टरांना. मेल्यावर चिरून बघावीत आणि आत कुठली धूळ आहे ते लिहावं. ते पान कामरानने कारखान्याच्या दारावर चिकटवावं. मय्यताची अंघोळ इथेच घालावी, कफन बांधूनच मलायरला पाठवावं, तिथे ते उघडू नये. आईला टाके दिसता कामा नयेत. तिने माफ करावं.

६. गुनवोरखानुमना काहीही ठेवत नाही. राग आहे, नाही म्हणत नाही. पण कारण ते नव्हे. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत, आणि मला त्यांचीच साक्ष हवी. काल त्यांना सगळं सांगितलं. पर्स मांडीवर घेऊन त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेव्हाच का नाही रे बोललास?"

म्हटलं, "तुम्ही पाहुण्या होतात."

गोटेनबर्ग, १४ ऑक्टोबर २०२५
सही: पेजमान झंगने

दोघींच्या समोर सही झाली.

साक्षीदार १: एब्बा स्योलिन, परिचारिका

साक्षीदार २: गुनवोर आल्स्ट्रम. वायूचं मी सांगितलं होतं, मला ठाऊक नसताना. विचारतील तिथे असंच सांगेन.